दहावी : तोंडी सगळं येतं पण पेपरात मार्क पडत नाहीत, विज्ञान आणि इतिहास-भूगोलाची उत्तरं लिहायची कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी दहावीला, राज्य मंडळ, मराठी माध्यम. घरी विचारलं की धडाधड सांगते, पण सराव परीक्षेत विज्ञान भाग १ ला ४० पैकी २३ आणि इतिहास-राज्यशास्त्राला २१, भूगोल त्यातल्या त्यात बरा. पुरवण्या मात्र भरपूर घेते. क्लासवाले म्हणतात मुद्दे वाढव, शाळेतल्या बाई म्हणतात नेमकं लिही, आणि तुम्ही विचारताय की ऐकायचं कुणाचं, गाईडमधली उत्तरं पाठ करून घ्यायची का, आणि विज्ञानाला जी पद्धत तीच इतिहास-भूगोलाला चालते का.

मी विज्ञान शिकवतो, बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासतोय, आणि आमच्या शाळेत माणसं कमी म्हणून मध्ये भूगोल आणि राज्यशास्त्रही गळ्यात पडलं होतं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. मुलीची उत्तरपत्रिका मी बघितलेली नाही, त्यामुळे खालचं सगळं तिला लागू पडेलच असं नाही. सीबीएसईच्या मुलांना प्रश्नांची धाटणी वेगळी असते, त्यांनी तर हे अजूनच चाळणी लावून घ्यावं.

आधी एक काम करा. शाळेकडून तिच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मागून घ्या आणि जिथे जिथे मार्क गेलाय तिथे पेन्सिलने खूण करा. उत्तर माहीतच नव्हतं तिथे एक खूण, वेळ संपला म्हणून राहिलं तिथे दुसरी, आणि माहीत होतं, लिहिलंही होतं, तरी मार्क गेला तिथे तिसरी. पहिल्या खुणा जास्त निघाल्या तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा, सरळ धडा परत वाचायला बसवा. पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे बोलायला हुशार आणि पुरवण्या भरपूर, अशा मुलांच्या पेपरात तिसरीच खूण जास्त निघते असा माझा अनुभव आहे. आणि दुसरी खूण पण बऱ्याचदा तिसरीचीच बहीण असते, कारण दोन मार्काला पानभर लिहिलं की शेवटचा पाच मार्काचा प्रश्न राहणारच ना.

म्हणजे खरी अडचण अशी दिसते की ती प्रश्नाचं उत्तर लिहीत नाही, त्या विषयावर तिला जे जे माहीत आहे ते लिहिते. तोंडी विचारताना हे लपतं, कारण तुम्ही समोर असता, ती बोलत असते, तुम्हाला हवं ते वाक्य त्यात कुठेतरी येऊन जातं आणि तुम्ही मान हलवता. पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, हातात गुणदानाचा कागद असतो, आणि त्यात त्या प्रश्नाचे जे मुद्दे दिलेत ते उत्तरात सापडले की तो टिक करतो.

एक उदाहरण जरा सविस्तर बघू. 'शास्त्रीय कारणे लिहा : विजेच्या बल्बमधील कुंतल बनवण्यासाठी टंगस्टन वापरतात.' दोन मार्क. कुंतल म्हणजे बल्बमधली तापून उजळणारी बारीक तार. नेहमी दिसणारं उत्तर असं असतं :

'टंगस्टन हा धातू आहे. तो विजेचा सुवाहक आहे. तो तन्य आहे म्हणून त्याची तार काढता येते. त्याचा द्रवणांक जास्त असतो. म्हणून बल्बमध्ये टंगस्टन वापरतात.'

पाच वाक्यं, त्यात खोटं एकही नाही. आता मी पोरांना काय करायला सांगतो तर टंगस्टन खोडून तिथे तांबं लिहा आणि परत वाचा. तांबं धातू आहे, सुवाहक आहे, आणि तार तर त्याची आपण घरभर फिरवलीय. म्हणजे पहिली तीन वाक्यं तांब्यालाही चालली, मग ती 'टंगस्टनच का' याचं उत्तर कशी होतील? चौथं वाक्य तेवढं कामाचं, पण तेही अर्धवट सोडलंय, द्रवणांक जास्त आहे तर त्याचं बल्बमध्ये काय? आता हे बघा :

'कुंतलातून विद्युतधारा गेली की तिच्या औष्णिक परिणामामुळे कुंतल अतिशय तापते आणि त्यामुळेच प्रकाश देते. एवढ्या तापमानाला कुंतल वितळून चालणार नाही. टंगस्टनचा द्रवणांक खूप जास्त, सुमारे ३४०० अंश सेल्सिअस असल्याने ते न वितळता प्रकाशत राहते, म्हणून कुंतलासाठी टंगस्टन वापरतात.'

लांबी जवळपास तेवढीच आहे, पण इथे तांबं घालून बघा, उत्तर लगेच मोडतं, कारण तांबं १०८५ अंशालाच वितळतं. मोडलं म्हणजे उत्तर बरोबर जागी बसलंय. याला आमच्या वर्गात बदली लावणे म्हणतात, नाव मुलांनीच पाडलंय. तुमच्या दोन्ही विषयांना एकच पद्धत चालते का या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे की मांडणी प्रत्येक विषयाची वेगळी, पण गणितं सोडली तर ही बदलीची तपासणी सगळीकडे तीच. लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाखाली नेऊन ठेवलं तरी चालतंय का? चालत असेल तर त्या वाक्याला मार्क नाही, किंवा असलाच तर दयेचा.

भूगोलात हे लगेच पटतं कारण आपलं दहावीचं पुस्तकच भारत आणि ब्राझील समोरासमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे बदली करायला दुसरं नाव तयारच असतं. 'भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे कमी आहेत.' मुलं लिहितात की भारताला लांब समुद्रकिनारा लाभलाय, पूर्वेला बंगालचा उपसागर आहे, तिथे चेन्नई, विशाखापट्टणम अशी बंदरं आहेत, वगैरे वगैरे. यातलं काय पश्चिम किनाऱ्याला चालणार नाही? उपसागराच्या जागी अरबी समुद्र, चेन्नईच्या जागी मुंबई, झालं. नेमकं कारण काय, तर महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी या नद्या लांबून येतात, बरोबर भरपूर गाळ आणतात, किनाऱ्याजवळ उतार मंद असल्याने तो गाळ मुखाशीच साचून त्रिभुज प्रदेश तयार होतात, त्यामुळे किनारा उथळ राहतो आणि मोठी जहाजं किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नाहीत. इथे एक वाक्य पश्चिम किनाऱ्याचं टाकलं तर चालतं आणि शोभतंही, की तिथल्या नद्या आखूड आणि वेगवान, किनारा खडकाळ आणि खाड्यांचा, म्हणून मुंबई, मार्मागोवा अशी नैसर्गिक बंदरं झाली. भूगोलातलं कारण तीन मार्काचं असतं, म्हणजे साखळीतल्या तीन कड्या दिसायला हव्यात. गाळ येतो, गाळ साचून किनारा उथळ होतो, उथळ म्हणून जहाज येत नाही. मुलं पहिली कडी लिहितात आणि एकदम शेवटच्या कडीवर उडी मारतात, मधली गाळतात कारण ती त्यांना 'एवढं तर कळतंच' वाटते. मार्क बऱ्याचदा मधल्या कडीला असतो.

ब्राझीलमधल्या मॅनॉस शहराच्या प्रश्नातही तेच, तिथल्या तापमानकक्षेत वर्षभर फारसा फरक का पडत नाही असं विचारलं की पोरं ॲमेझॉनच्या जंगलात शिरतात आणि बाहेरच येत नाहीत. विषुववृत्ताजवळ आहे, सूर्यकिरण वर्षभर जवळपास लंबरूप पडतात, म्हणून ऋतूनुसार तापमान फारसं हलत नाही, हे आधी यायला पाहिजे. जंगल, पाऊस, पाण्याचे साठे नंतर, जागा उरली तर.

आता इतिहास, इथे तुमच्या मुलीचे सगळ्यात जास्त मार्क गेलेत म्हणून जरा थांबतो. इतिहासात मुलांचा समज असा असतो की इथे काहीही छान छान लिहिलं की मार्क मिळतात. 'चित्रकथी परंपरेसारख्या नामशेष होत चाललेल्या परंपरांचे पुनरुज्जीवन करणे गरजेचे आहे' हे विधान सकारण स्पष्ट करायचं असलं की उत्तर येतं, 'आपली संस्कृती महान आहे, तिचे जतन करणे आपले कर्तव्य आहे, पुढच्या पिढीला तिची ओळख व्हावी.' हेच उत्तर किल्ल्यांना चालेल, जुन्या नाण्यांना चालेल, आजीच्या ओव्यांनाही चालेल. चित्रकथी कुठाय त्यात? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा जपली, कागदावर नैसर्गिक रंगांत काढलेल्या चित्रांच्या आधारे रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या, एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. यातल्या दोन गोष्टी उत्तरात आल्या, आणि मग लिहिलं की ही कला थोड्याच घरांत उरलेली असल्याने ती गेली तर चित्रशैली आणि कथा सांगण्याची रीत दोन्ही एकदम जातील, म्हणून पुनरुज्जीवन हवं, की उत्तर त्या प्रश्नाचं झालं. कर्तव्य आणि महानता वगैरे मग नाही लिहिलं तरी बिघडत नाही, तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

सनावळीचंही बोलून घेऊ, कारण हुशार मुलं इथे हमखास अडकतात. सन आठवला की त्यांना तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'वृत्तपत्रांची स्वातंत्र्यलढ्यातील भूमिका' अशी टीप असली की सुरुवात होते १७८० च्या बंगाल गॅझेटपासून, मग १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, मग १८४२ चं ज्ञानोदय, मग १८८१ चं केसरी, आणि इथपर्यंत येईस्तोवर जागा संपते. सन सगळे बरोबर आहेत हो, पण टीप वृत्तपत्रांच्या जन्मतारखांची नव्हती, भूमिकेची होती. भूमिका म्हणजे त्यांनी काय केलं. सरकारी धोरणांवर टीका केली, लोकांत जागृती केली, समाजसुधारणेचे विषय मांडले, आणि त्याची किंमतही मोजली, १८९७ मध्ये केसरीतल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. हा एक सन इथे कामाचा आहे कारण तो मुद्द्याला टेकू देतो. बाकीचे जोड्या ओळखायच्या प्रश्नात वापरायचे, तिथे त्यांचं सोनं होतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर वाक्य फक्त त्याच प्रश्नाला लागू पडणारं हवं, कारणांची मधली कडी गाळायची नाही, आणि आठवलेली प्रत्येक गोष्ट लिहायची नाही. 'मुद्दे वाढव' आणि 'नेमकं लिही' यांत मला स्वतःला बाईंचं जास्त पटतं, पण क्लासवाल्यांचंही पूर्ण चूक नाही, तीन किंवा चार मार्काच्या प्रश्नात कडी कमी पडत असेल तर मुद्दे वाढवावेच लागतात. मार्क किती त्यावर आहे ते.

राज्यशास्त्रातल्या चूक की बरोबर या प्रश्नात एक वेगळाच घोळ असतो. विधान : 'एखाद्या राज्यात निवडणुका केव्हा व किती टप्प्यांत घ्यायच्या हे राज्यशासन ठरवते.' उत्तर येतं : 'चूक, कारण हे राज्यशासन ठरवत नाही, निवडणूक आयोग ठरवतो.' हे कारण झालंच नाही, विधानच उलटं करून परत लिहिलंय. मुलीला सांगा, 'कारण'च्या पुढे लिहिलेलं वाचून कुणी 'बरं, पण का?' असं विचारू शकत असेल तर अजून कारण आलेलं नाही. मग लिहायचं काय? संविधानाच्या कलम ३२४ प्रमाणे निवडणुकांची जबाबदारी स्वतंत्र अशा निवडणूक आयोगावर आहे, मतदार याद्या तयार करण्यापासून निकाल जाहीर करण्यापर्यंतची सगळी प्रक्रिया तो पाहतो, राज्यशासन चालवणारा पक्ष स्वतःच निवडणूक लढवत असतो, त्याच्या हातात तारखा दिल्या तर तो आपल्या सोयीच्या वेळी निवडणूक लावू शकेल आणि निवडणूक निःपक्षपाती राहणार नाही, म्हणून वेळापत्रक आयोग ठरवतो. आणखी एक, चूक की बरोबर हे आधी ठळक लिहायचं. काही मुलं कारण सुंदर लिहितात आणि विधान चूक की बरोबर ते लिहायलाच विसरतात, मग आम्ही पान उलटसुलट करून शोधत बसतो.

आता विज्ञान भाग १ मधली गणितं. इथे बदली वगैरे चालत नाही, इथे पायऱ्यांना मार्क असतात. दिलेलं काय, सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक. शेवटचा आकडा चुकला तरी सूत्राचा आणि मांडणीचा मार्क सहसा मिळतो, पण सूत्रच न लिहिता थेट आकडेमोड केली आणि उत्तर चुकलं की हातात काहीच राहत नाही. भिंगाचं नेहमीचं गणित घ्या : बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेमी, ५ सेमी उंचीची वस्तू ३० सेमी अंतरावर ठेवलीय, प्रतिमा कुठे, केवढी आणि कशी? सूत्र असं की १/व्ही वजा १/यू बरोबर १/एफ, यात व्ही म्हणजे प्रतिमेचं भिंगापासूनचं अंतर, यू वस्तूचं आणि एफ नाभीय अंतर. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून चिन्हसंकेतानुसार यू घ्यायचा वजा ३०. मग १/व्ही = १/२० − १/३० = १/६०, म्हणजे प्रतिमा ६० सेमीवर दुसऱ्या बाजूला. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, ते ६० भागिले वजा ३०, म्हणजे वजा २, आणि प्रतिमेची उंची वजा १० सेमी, वजा म्हणजे उलटी. प्रतिमा वास्तव, उलटी, दुप्पट, हे शब्दांत लिहायलाच पाहिजे, 'केवढी आणि कशी' विचारलंय ना.

वजा चिन्ह विसरलं की काय होतं बघा, १/२० अधिक १/३० होतं आणि प्रतिमा येते १२ सेमीवर. आता हे उत्तर चुकलंय हे परीक्षेतच कळू शकतं. वस्तू ३० वर आहे, म्हणजे २० आणि ४० च्या मध्ये, नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये. किरणाकृतीच्या तक्त्यात तिने पाठ केलेलं असतं की अशी वस्तू असली की प्रतिमा दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे मिळते, म्हणजे ४० च्या पुढेच यायला हवी. १२ येऊच शकत नाही. पण तक्ता एका वहीत आणि गणित दुसऱ्या वहीत असल्यामुळे मुलं ही गाठ मारत नाहीत. भिंगाचं प्रत्येक गणित सोडवायच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलने दोन रेघांची किरणाकृती काढायची सवय लावा, मार्कांसाठी नाही, स्वतःला आधीच कळावं म्हणून.

बाकीचे प्रकार पटकन घेतो. फरक स्पष्ट करा यात मुलं दोन रकाने आखतात आणि डावीकडे एक, उजवीकडे भलतंच लिहितात. 'लैंगिक प्रजननात दोन जनक लागतात' याच्या समोर 'अलैंगिक प्रजनन वेगाने होते'. दोन्ही खरं, पण फरक कुठाय? समोर 'एकच जनक पुरतो' हवं. वेगाचा मुद्दा घ्यायचा तर त्याची वेगळी ओळ आणि दोन्ही बाजूंना वेगाबद्दलच. आकृतीत मार्क बराचसा नावांना असतो, हृदयाची आकृती कितीही देखणी काढली आणि नावं दिली नाहीत तर ते चित्रकलेच्या पेपरात गेलं. पेन्सिलने काढा, नावांच्या रेषा एकमेकींना कापू देऊ नका. रासायनिक समीकरण लिहिल्यावर दोन्ही बाजूंचे अणू मोजा, आणि प्रश्नात अवस्था विचारल्या असतील तर त्याही लिहा. नकाशात 'सूची द्या' असं छापलेलं असतं, तरी सूची न देणारी मुलं दरवर्षी असतात, चिन्ह बरोबर जागी असूनही. आलेख काढताना शीर्षक, प्रमाण, दोन्ही अक्षांवर काय आहे ते, हे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, या बाबतीत भूगोल म्हणजे फुकटचे मार्क आहेत, तुमच्या मुलीला तिथे बरे मिळालेत ते बहुतेक यामुळेच.

इतिहासातल्या उताऱ्याच्या प्रश्नाबद्दल एकच. पहिले छोटे उपप्रश्न उताऱ्यातून येतात, तिथे उताऱ्यातलंच वाक्य घेतलं तरी चालतं. दोन मार्काचा उपप्रश्न बऱ्याचदा तुमचं मत किंवा उताऱ्याबाहेरची माहिती मागतो, तिथे मुलं परत उताराच उतरवून काढतात. तो उपप्रश्न दोनदा वाचायला सांगा. आणि पेपरावरच्या सूचना पहिल्या दोन मिनिटांत वाचायच्याच. विज्ञानात बहुपर्यायी प्रश्नाचं पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच धरतात, तिथे आधी एक लिहून मग खाली दुसरं लिहिलं तर उपयोग नसतो.

वेळेचं. विज्ञानाचा पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. पण मी तेवढी खर्चू देत नाही. प्रश्न १ दहा मार्कांचा, तो बारा मिनिटांत संपायला हवा. प्रश्न २, म्हणजे शास्त्रीय कारणं आणि छोटी उत्तरं, पंचवीस. तीन मार्कांची पाच उत्तरं पंचेचाळीस. पाच मार्कांचा एक प्रश्न अठरा. वीस मिनिटं उरतात, त्यातली थोडी कुठेतरी सांडतातच, उरलेल्यात तपासणी. इतिहासात छोटे प्रश्न जास्त आहेत त्यामुळे पानं उलटण्यातच वेळ जातो, तिथे हे गणित जरा ओढाताणीचं होतं, तरी शेवटच्या राज्यशास्त्राच्या बारा मार्कांना निदान अर्धा तास राखायलाच हवा. मला विचाराल तर इतिहासात २१ मिळालेल्या मुलीने एकदा राज्यशास्त्रापासून सुरुवात करून बघावी. उत्तरं आटोपशीर असतात, आत्मविश्वास येतो, आणि क्रम बदलला म्हणून कुणी मार्क कापत नाही, फक्त प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्नक्रमांक पेपरात आहेत तसेच घालायचे.

आणि 'कोणतेही दोन' असेल तिथे दोनच लिहायचे. तिसरा लिहिणाऱ्या मुलांना वाटतं तपासणारा चांगले दोन निवडेल, पण त्या तिसऱ्याची सात-आठ मिनिटं शेवटच्या प्रश्नातून वजा होतात ते बघा. निवडताना कोणता प्रश्न जास्त पाठ आहे हे न बघता कोणत्या प्रश्नाची कारणं जोडता येतील ते बघायचं.

आता घरी काय करायचं. तुम्ही तिला रोज तोंडी विचारताच, ते बंद करू नका, त्यात एक बदल करा. आधी तिला मार्क सांगा, 'दोन मार्क, सांग'. ती बोलेल. मग म्हणा, आता यातली कोणती वाक्यं ठेवशील? तिलाच निवडू द्या, आणि फक्त तेवढी वहीत लिहू द्या. पहिले काही दिवस चिडेल, कारण आपण बोललेलं आपणच खोडणं कुणालाच आवडत नाही. मग लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली बदली लावायची, तांबं घालून बघायचं. हे रोज दोन-तीन प्रश्नांना पुरे, एक विज्ञानाचा, एक भूगोलाचा किंवा इतिहासाचा. तुम्हाला विषय येत नसला तरी हे करता येतं, उलट येत नसेल तर बरंच, तुम्ही मनातल्या मनात गाळलेल्या जागा भरणार नाही, सरळ विचाराल 'म्हणजे कसं?' आणि तिला मधली कडी सांगावी लागेल.

दर रविवारी एक अख्खा पेपर घड्याळ लावून. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण झालेला नसतो, तेव्हा मागच्या पेपरातले तेवढ्याच धड्यांचे प्रश्न घ्या आणि वेळ त्या प्रमाणात कमी करा. तपासून घ्यायला शाळेतल्या बाईंकडेच द्या, त्यांचा सूर तिला ओळखीचा आहे. बाईंना वेळ नसेल तर नुसत्या कारणांच्या प्रश्नांवर नजर टाका म्हणावं, तेवढ्यालाही त्या नाही म्हणणार नाहीत.

गाईडचं विचारलंत. गाईड घरात असायला हरकत नाही, मी स्वतः वर्गात काही उत्तरं त्यातून वाचून दाखवतो, पण ती बहुतेक वेळा गरजेपेक्षा लांब असतात कारण छापणाऱ्याला कुठलाच मुद्दा सुटल्याचा ठपका नको असतो. पाठ केलेलं उत्तर प्रश्न थोडा फिरवला की उपयोगी पडत नाही, 'टंगस्टन का' ऐवजी 'कुंतलासाठी तांबे का वापरत नाहीत' असं विचारलं की पाठांतरवाला मुलगा गप्प, आणि कडी कळलेली मुलगी तेच उत्तर उलटीकडून लिहून मोकळी. त्यामुळे गाईडमधलं उत्तर मुलीच्या हातात द्या, मार्क सांगा, आणि नको ती वाक्यं पेन्सिलने खोडायला लावा. व्याख्या, नियम, सूत्रं मात्र पुस्तकात आहेत तशीच पाठ, तिथे स्वतःच्या शब्दांचा हट्ट नको. ओहमचा नियम आपल्या भाषेत सांगताना मुलं 'तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना' एवढंच नेमकं गाळतात.

पुरवण्यांचं म्हणाल तर त्या मोजून मार्क मिळत नाहीत. पण तिचं अक्षर मोठं आणि मोकळं असेल तर पानं जास्त होणारच, तेवढ्यावरून तिला टोकू नका. दोन मार्काला साधारण चार-पाच ओळी, तीन मार्काला सात-आठ, चार मार्काला अर्धं-पाऊण पान, हे माझं अंदाजपत्रक मध्यम अक्षराचं आहे. पुढच्या सराव परीक्षेनंतर परत त्या तीन खुणा करून बघा, आणि दुसरी खूण, वेळ संपल्याची, किती कमी झाली ते आधी मोजा, तिसरी उतरायला थोडा जास्त वेळ लागतो. जमलं तर तिच्या एखाद्या कारणाच्या प्रश्नाचं उत्तर इथे टाइप करून टाका, मी त्यात बदली लावून दाखवतो.